प्रागचा खुलासा

आधीच कबूल करतो, फ्लेक्स मीच लावला होता. पुढचं सगळं लचांड त्याच्यामुळं झालं, तेव्हा दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

घोडेगावात तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि मराठी टायपिंग. बारा वर्षं मी लोकांचे अर्ज लिहितोय. डोंगरातल्या गावांतून माणसं सकाळच्या एसटीनं येतात, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसतात आणि गाऱ्हाणं सांगतात. मी त्याचा अर्ज करतो. वर 'मे. साहेबांचे सेवेशी', खाली 'तरी साहेबांनी गरिबावर दया करावी ही नम्र विनंती'. रेशनकार्डात नाव घालायचं असो नाहीतर सातबाऱ्यावरचं काढायचं असो, वरचं आणि खालचं तेच, फक्त मधलं बदलायचं. माणूस वाकलेला दिसला की साहेबाचा हात सहीकडे जातो, असं माझं पक्कं मत होतं. या मतावर माझं घर चाललं, त्यामुळं ते तपासायची वेळ कधी आली नाही.

माझी धाकटी बहीण अमृता जर्मनीत ड्रेस्डेनला पाण्याचं इंजिनिअरिंग शिकते, सरकारच्या शिष्यवृत्तीवर. आमच्या बुद्धविहाराच्या आळीतून परदेशात गेलेली ती पहिलीच. एप्रिलमधल्या एका शनिवार-रविवारी ती तीन मैत्रिणींबरोबर प्रागला जाऊन आली. ड्रेस्डेनहून प्राग म्हणजे बसनं दोन-अडीच तास, आम्ही पुण्याला जावं तेवढंच. मधे देश बदलतो, पण बस काही थांबत नाही म्हणे. बरोबरच्या मैत्रिणींत एक पिंपळवंडीची वृषाली होती, बाकीच्या दोघींत एक व्हिएतनामची आणि एक पेरूची. अमृतानं मला प्रागचे पस्तीस फोटो पाठवले आणि मी ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवले.

जूनमध्ये तिचा वाढदिवस. आमच्याकडे वाढदिवसाला फ्लेक्स लागतो हे काही नवीन नाही. ज्याला दहावीला तीन खेपा लागल्या त्याला इथं चौकात 'युवकांचे आशास्थान' म्हणून टांगतात, मग माझ्या बहिणीनं काय घोडं मारलंय? मंचरहून चांगला दहा बाय आठचा करून आणला आणि चौकात दोन खांबांना बांधला. लॅबमधला पांढरा कोट घातलेला तिचा फोटो होता माझ्याकडे, पण मी निवडला तो प्रागचा. जुना दगडी पूल, मागं नदी, वर टेकडीवरचा किल्ला आणि कठड्याला टेकलेल्या चौघीजणी. अमृताच्या हातात साखरेत घोळवलेली पोकळ गोल रोटी, ओठांना साखर लागलेली, आणि ती तोंड उघडून खदाखदा हसतेय. आमच्या घरात मी तिला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. म्हणूनच तो घेतला. वर मोठ्या अक्षरात टाकलं, 'घोडेगावची वाघीण थेट युरोपात!'

जुलैमध्ये तिला शिष्यवृत्तीच्या कार्यालयाचं पत्र आलं. शासकीय निधीतून परदेशात मौजमजा चालू असल्याची तक्रार प्राप्त झाली आहे, सात दिवसांत खुलासा सादर करावा, तोपर्यंत पुढील हप्ता स्थगित. सोबत पुरावा म्हणून फोटो जोडला होता, प्रागच्या पुलाचा नाही, माझ्या फ्लेक्सचा! कोपऱ्यात शेजारच्या चहावाल्याची किटलीसुद्धा आली होती. हप्ता अडकणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. तिच्या व्हिसाची मुदत ऑगस्टअखेर संपणार होती आणि तो वाढवून घ्यायला बँकेत पैसे दाखवावे लागतात. पैसे नसले तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नसला तर वर्षभराचं शिक्षण अर्धवट टाकून परत घोडेगाव.

तक्रारदाराचं नाव होतं सावळेराम. आम्ही त्यांना सावळेरामभाऊ म्हणतो. मोठे बागायतदार, बोलायला गोड, दुकानावरून जाताना रोज 'काय कपिल, बरंय ना?' म्हणणारे. गेल्या साली त्यांचा मुलगा भरत शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यावर हॉलंडला गेला होता, निम्मा खर्च सरकारचा. चौकातल्या त्याच दोन खांबांवर तेव्हा भरत ट्युलिपच्या फुलांत उभा होता, गॉगल लावून. पत्र वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग डोक्यात ठेवून अर्ज लिहिता येत नाही, हे मी धंद्यात शिकलोय.

मी त्या कार्यालयातल्या एका क्लार्कचा नंबर मिळवला. माणूस चांगला होता. म्हणाला, "कपिलभाऊ, उगाच ताणू नका. शैक्षणिक भेट होती, जुन्या पुलाचा आणि नदीचा अभ्यास केला असं लिहा. असे फोटो प्रसिद्ध झाले ही चूक झाली, पुन्हा होणार नाही, माफी असावी. दोन ओळी टाका, आठ दिवसांत फाइल बंद होईल."

हे तर माझ्या डाव्या हाताचं काम. अर्ध्या तासात असा खुलासा लिहिला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. गरीब कुटुंब, विधवा आई, अजाण मुलगी, शैक्षणिक हेतू, अनवधानाने झालेली चूक, दयाळू साहेब. अमृताची स्कॅन केलेली सही माझ्याकडे होतीच, ती खाली चिकटवली आणि रविवारी दुपारी तिला व्हिडिओ कॉल करून वाचून दाखवला. आई शेजारी ताटात तांदूळ निवडत बसली होती.

अमृतानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दादा, अजाण मुलगी कोण?"

"तसं लिहायचं असतं गं."

"मी अभ्यासाला नव्हते गेले. फिरायला गेले होते."

"ते मला म्हाईत हाय. त्यांना कुठं म्हाईत हाय?"

"मग त्यांना सांग. शनिवार-रविवार सुट्टी व्हती, माझी हजेरी पूर्ण हाय, मार्क वर्गात दुसरे हायेत. मी फिरायला गेले. ह्यात चूक कुठली? आणि चूक नाय तर माफी कशाची?"

मी भडकलो. म्हटलं, तिथं बसून तोंड चालवायला काय जातंय तुझं? परत यावं लागलं तर ही वाघीण काय करणार हाय, माझ्या दुकानात झेरॉक्स काढणार का? मग मी दुसरा डाव टाकला. "बरं, माफी नको. भरतचं घालतो. त्याच्या फुलांना सरकारचा पैसा चालतो आणि तुझ्या पुलाला का नाय?"

"नको घालू," ती म्हणाली. "भरतदादानं फुलं बघितली, बरं झालं. त्याला फुलं बघू दे, मला पूल बघू दे. त्याचं काढून घेऊन माझं कसं होईल?"

मला जास्तच राग आला.

आईनं ताटातून मान वर केली. "अमू, काय केलं गं तिथं दोन दिस?"

मग अमृता सांगत बसली. बसचं तिकीट दोन महिने आधी काढलेलं, सगळ्यात स्वस्त. राहायला एका खोलीत आठ पलंग, चार यांचे आणि चार कुणाकुणाचे. तिथं बाहेर खाणं परवडत नाही म्हणून ड्रेस्डेनहूनच उकडलेली अंडी, पाव आणि आईनं पाठवलेली लसणाची चटणी नेलेली. पेरूच्या मैत्रिणीनं ती चटणी चमच्यानं खाल्ली आणि नाक गळेपर्यंत रडली, तरी परत मागितली. ती साखरेची रोटी चौघींत एकच घेतली होती. फोटोपुरती तिच्या हातात, मग सगळ्यांनी तोडून खाल्ली. किल्ल्याच्या आत जायला तिकीट होतं म्हणून बाहेरूनच बघितला. बाकी नुसतं चालणं, पाय सुजेपर्यंत.

"आन मग?" आईनं विचारलं.

"मग रविवारी दुपारी त्या तिघी बाजारात गेल्या आणि मी पुलाखाली नदीच्या पायऱ्यांवर बसले. दोन तास. काय केलं नाय आई, नुसती बसले. माणसं येत व्हती, जात व्हती. कुणी इचारलं नाय, कुणाची गं तू, आडनाव काय, इथं का बसलीस. तिथली माणसं लई देव लागून गेलीत असं नाय हां. सकाळी एका दुकानात शिरले तर दुकानदार माझ्या मागं मागं फिरत व्हता, मी काय उचलते का बघायला. मला रडू आलं. पण मी पुलाकडं परत गेले आणि बसले. म्हटलं, हे गाव बघायला मी आलेय, कुणाला आवडो न आवडो. आपल्या घरात कुणी कधी काही काम न करता दोन तास बसलंय का गं?"

आईचा हात ताटात थांबला. "आजारी पडल्यावर," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी आईला म्हटलं, तू तरी तिला समजाव. आईनं आधी तांदूळ निवडून संपवले. मग म्हणाली, "माझा कागद कुणी लिवला व्हता?"

मला कळलं ती काय म्हणतेय. बारा वर्षांपूर्वी आई एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. कोठीत तेलाचे दोन डबे कमी भरले. कोठीची किल्ली आईकडे नव्हती, कधीच नव्हती. पण अधीक्षक म्हणाले, दोन ओळी माफी लिहून द्या, नोकरी टिकेल, प्रकरण मिटेल. मी नुकतंच दुकान टाकलेलं, कॉम्प्युटर नवा, प्रिंटर नवा. आईचा माफीनामा हा माझ्या दुकानातला पहिला अर्ज. नोकरी टिकली आणि मला वाटलं मी केवढा हुशार. तीन वर्षांपूर्वी आई रिटायर झाली तेव्हा तोच कागद फाइलमधून वर आला. 'सदर कर्मचाऱ्याने गैरप्रकार स्वतः लेखी मान्य केला आहे.' तिच्या हक्काच्या पैशासाठी दीड वर्ष खेटे घातले. इतक्या वर्षांत आईनं मला त्याबद्दल एक शब्द सुनावला नव्हता.

"मीच लिवला," मी म्हणालो.

"लई सुंदर लिवला व्हता. समद्यांनी नावाजला," आई म्हणाली. "पर त्यात मी चोर झाले, कपिल. पोरगी फिराया गेली तर तिला चोर करू नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी नवा खुलासा लिहिला, अमृता सांगेल तसा. सुट्टीचे दोन दिवस होते, हजेरी व गुणपत्रक सोबत जोडले आहे, मी मैत्रिणींबरोबर प्राग शहर फिरायला गेले होते, ही माझी चूक नाही. एवढंच. दया नाही, नम्र नाही, गरीब नाही. माझ्या हातून इतका उघडा कागद कधी गेला नव्हता, आणि पाठवताना मला खरंच भीती वाटली.

दहा दिवस काही नाही. मग क्लार्कचा फोन आला, आवाज थंड. "साहेबांनी पालकांना समक्ष बोलावलंय. जबाब घ्यायचाय. मंगळवारी अकरा वाजता."

आई आणि मी सकाळच्या गाडीनं पुण्याला निघालो. एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगताना लाज वाटते. जुना खुलासा, तो माफीचा, अमृताच्या सहीचा, मी गुपचूप बॅगेत घेतला होता. वेळ आलीच तर असू द्यावा म्हणून. आईला सांगितलं नव्हतं आणि अमृताला तर नाहीच.

साहेब पन्नाशीचे, चष्म्याचे, थकलेले. वाईट माणूस वाटला नाही. आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. मग अमृताचा कागद समोर धरून म्हणाले, "असा खुलासा कुणी लिहितं का हो? 'फिरायला गेले होते.' मी फाइलवर काय लिहू? बाई, तुमची मुलगी हुशार आहे, माझी इच्छा नाही तिचं नुकसान व्हावं. शैक्षणिक हेतूनं गेली होती आणि फोटोबद्दल दिलगीर आहे असं लिहून द्या. मी आजच्या आज हप्ता सोडतो."

आजच्या आज! ऑगस्ट लागला होता. माझा हात आपोआप बॅगेत गेला आणि कागद अर्धा बाहेरही आला. बारा वर्षांची सवय.

"काय काढतुयास?" आईनं विचारलं.

तिनं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ठिव आत," ती म्हणाली. रागानं नाही, पोराला पायातली चप्पल बाहेर काढायला सांगावी तसं. मी ठेवला.

मग ती साहेबांकडे वळली. "सायेब, ती अभ्यासाला न्हवती गेली. फिराया गेली व्हती."

"बाई, ते मला कळतंय. पण—"

"सुट्टीच्या दिशी पोरीनी फिराया जायाचं न्हाई असा नियम हाय का? आसला तर दावा. मला वाचता येतं."

साहेबांनी क्लार्ककडे बघितलं. क्लार्कनं नियमावलीची पानं चाळली, पुढून मागं आणि मागून पुढं. हजेरी होती, निकाल होता, परवानगीशिवाय किती दिवस सलग गैरहजर राहू नये हे होतं. शनिवार-रविवारी कुठं जायचं नाही असं कुठंच नव्हतं.

"नियम नाही," साहेब म्हणाले. "पण शिष्यवृत्तीवरची मुलगी, चौकात असा फोटो. बरं दिसत नाही."

"कुणाला?" आई म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही, हात नाचवले नाहीत. ती खरोखर उत्तराची वाट बघत होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. क्लार्क खिडकीबाहेर बघायला लागला. मी असल्या शंभर ऑफिसांपुढं इतकी वर्षं कुणाला कसं दिसेल याचाच धंदा केला होता, आणि माझ्या आईनं ते एका शब्दात विचारलं. मला तिचा फार अभिमान वाटला.

"जबाब लिहून घ्या," साहेब शेवटी म्हणाले. क्लार्कनं कोरा कागद पुढं केला. आईनं तो माझ्याकडं सरकवला. "तू लिही. मी सांगते तसं. तुझं काय घालू नको."

मी पेन उघडलं. आई सांगत गेली. माझी मुलगी अमृता शनिवार-रविवार प्राग या गावी फिरायला गेली. तिनं तिथं नदी बघितली, पूल बघितला, आणि बसली. तिनं अभ्यास चुकवला नाही. आम्ही माफी मागत नाही. परत सुट्टी मिळाली तर ती परत जाईल.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. "म्होरं लिही. त्या खेपंला मी बी जानार हाय."

"बाई, ते नका घालू. त्याचा इथं काय संबंध?"

"लिही, कपिल."

मी लिहिलं. आईनं खाली सही केली, जानकाबाई, एकेक अक्षर सुटं. साहेबांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. मग शिक्का उचलला आणि मारला.

हप्ता त्यांनी आजच्या आज सोडला नाही. एकोणीस दिवस घेतले. त्या एकोणीस दिवसांत मला जेवण गेलं नाही आणि वृषाली अमृताला उसने पैसे द्यायला तयार बसली होती, पण व्हिसाच्या तारखेच्या चार दिवस आधी हप्ता जमा झाला. त्याच आठवड्यात आई नवं पातळ नेसून दुकानात आली आणि म्हणाली, पासपोर्टचा फॉर्म भर. फोटो काढायला आम्ही चौकाकडं निघालो तर समोरून सावळेरामभाऊ आले. त्यांना खुलाशाची बातमी लागली होती की नाही, कोण जाणे. नेहमीसारखेच गोड हसले.

"काय जानकाबाई, नटून-थटून कुठं? पुण्याला काय काम काढलं का?"

"पुण्याला न्हाई, प्रागला," आई म्हणाली. "आन काम काय बी न्हाई."